कालीबाई नर्स आणि मिरचीच्या भुकटीतला कॉम्प्युटर

रोज देवापाशी दिवा लावून झाला की मी वही उघडते. तिथी, वार, स्वयंपाकात काय केलं, कोण आलं, कोण गेलं. लग्न होऊन नंदुरबारला आले तेव्हापासूनची ही सवय. त्या वह्यांत किळस हा शब्द क्वचित सापडेल. एकदा पिठात अळ्या निघाल्या तेव्हा, एकदा नळाला गटाराचं पाणी आलं तेव्हा. गेल्या दीड वर्षात मात्र तो इतक्यांदा लिहिलाय, की आज कालीबाईंबद्दल लिहायला बसले तर पहिला तोच हाताशी आला.

कालीबाई आमच्या मागच्या खोलीत राहतात. वय बासष्ट. माहेर अक्कलकुव्याच्या वर सातपुड्यात, एका पाड्यावर. धुळ्याला नर्सिंग शिकल्या आणि एकोणतीस वर्षं डोंगरातल्या उपकेंद्रांवर बाळंतपणं केली. नवरा आश्रमशाळेत मास्तर होता, तो काविळीनं गेला. मुलगी सुरतेला दिली. निवृत्त झाल्या तेव्हा गुडघे संपलेले. डोंगर चढवेना म्हणून नंदुरबारला खोली शोधत होत्या. आधी म्हणे सगळीकडे खोली रिकामी असायची आणि नाव-गाव सांगितलं की कालच दिलेली असायची. आमच्या यांनी हो म्हटलं, कारण सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात सुट्टीवर आलेल्या याच बाईंनी रोज येऊन इंजेक्शनं दिली होती.

मला ते आवडलं नव्हतं. त्या खोलीची भिंत म्हणजे माझ्या देवघराची भिंत. त्या वर्षाच्या वहीत मी 'ती नर्स आली', 'ती नर्स पाणी भरून गेली' असंच लिहिलंय. आता वाचताना ओशाळल्यासारखं होतं, पण खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

सामान थोडंच होतं. एक खाट, स्टोव्ह, देवाचा एकही फोटो नाही आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत एकतीस वह्या. सरकारी रजिस्टरं वेगळी, ती ऑफिसात जमा होऊन कुठे गेली कोण जाणे. या त्यांच्या स्वतःच्या. प्रत्येक बाळंतपणाची नोंद: आधी आईचं नाव, मग पाडा, मुलगा की मुलगी, वजन, तारीख, आणि शेवटी खूण. खूण म्हणजे 'मोलगीच्या बाजारादिवशी', 'नाल्याला पूर होता', 'घरात दिवा नव्हता, बॅटरीवर केलं' अशी. आईला तारीख लक्षात राहत नाही, खूण राहते, म्हणून.

त्या वह्यांसाठी माणसं डोंगर उतरून यायची. सकाळी मी तुळशीला पाणी घालत असताना फाटकाशी कुणीतरी उभं असायचं.

"बाई आहेत का? पोराची तारीख पाहिजे."

शाळेत, ऑफिसात, सगळीकडे आता जन्माचा दाखला मागतात आणि वरच्या पाड्यांवर निम्म्या लोकांच्या कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. कालीबाई हसायच्या. "डोंगरातली सगळी माणसं म्हणे एकाच दिवशी जन्मली. मीच उगाच वर्षभर चालत होते."

मला हसू यायचं नाही. मला त्या वह्यांचा वास यायचा. डेटॉल, रॉकेल, ओल आणि पानांवर तपकिरी डाग. ते डाग कशाचे हे विचारायची गरज नव्हती. पेटी उघडली की माझ्या देवघरात वास येतोय असं मला वाटायचं आणि मी जास्तीची उदबत्ती लावायचे.

कॉम्प्युटर दिला तो माझ्या दिरानं. पितांबरभाऊजी मिरचीचे व्यापारी. गावाबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे एकराएकराच्या मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बायका दिवसभर देठ खुडत बसतात. कुठल्याशा सत्काराच्या कार्यक्रमात कुणीतरी कालीबाईंच्या वह्यांचं कौतुक केलं, तर भाऊजींनी तिथल्या तिथे जाहीर केलं: आमच्यातर्फे सिस्टरना कॉम्प्युटर भेट! टाळ्या झाल्या. पेपरात फोटो आला. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, शेजारी भाऊजी, आणि कालीबाई कडेला, अर्ध्या कापलेल्या.

"वहिनी, हाई दखा, कसं चकाचक शे!" घरी आणून ठेवताना भाऊजी म्हणाले.

वरून पुसलं होतं. मागून बघितलं तर जाळीला लाल थर. तो त्यांच्या ऑफिसातला दहा वर्षांचा जुना डबा होता. चालू केला तसा पंख्यानं मिरचीची भुकटी अशी फेकली, की मी, कालीबाई आणि शेजारची मांजर, तिघी शिंकत अंगणात पळालो. डोळे धुऊन परत आलो, तर पडद्यावर काय? नागड्या बायांची चित्रं. एक बंद केलं की दोन उड्या मारत येतात. ऑफिसातल्या माणसांनी काय काय बघून ठेवलं होतं त्याची ती घाण. मी डोळ्यांवर पदर घेतला. भिंतीपलीकडे माझा बाळकृष्ण!

कालीबाईंनी मात्र चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, "संसर्ग झालाय. बराच जुना दिसतोय."

दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार तंबाखू मळत म्हणाला, आत चोरीची सिस्टीम आहे, परत तशीच टाकून देतो, दोन महिन्यांनी परत आणा. नाहीतर फेका आणि नवा घ्या. "आणि बाई, या वयात तुम्हाला कशाला पाहिजे? मोबाईलवर भजनं ऐका."

त्या डब्याला वाचवलं ते शबानाआपांनी. स्टेशनकडे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, तो बंद पडला. आता त्या घरातूनच लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. पन्नाशीच्या, बोलायला तिखट. आल्या, आमच्या ओट्यावर जुनी साडी अंथरली आणि डबा उघडला. आतून काय निघालं ते सांगते. ओंजळभर मिरचीची भुकटी, झुरळांची अंडी, एक वाळलेली पाल, आणि कोपऱ्यात गुटख्याची पुडी. ती आत कशी गेली हे देवालाही ठाऊक नसेल. मला ओकारी आली. मी न्हाणीघरात गेले. परत आले तर दोघी बायका ब्रश घेऊन गप्पा मारत तो घासत होत्या, जणू पातेलं घासतायत.

"याच्यात मी लिनक्सची सिस्टीम टाकते," आपा म्हणाल्या. "चोरीचं नाही, विकतचंही नाही. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय. आपण घ्यायचं, वापरायचं, दुसऱ्याला द्यायचं."

"फुकट?" मी विचारलं. "फुकटच्या गोष्टीत खोट असते."

"भाभी, तुमच्या पोथीतली आरती तुम्ही विकत घेतली का? आजीनं म्हटली, तुम्ही ऐकली, आता सुना म्हणतात. तसंच आहे. आणि प्रत म्हटल्यानं आरती कमी होत नाही."

त्या दिवशीच्या वहीत लिहिलंय: 'शबाना फार बोलते.'

बासष्टाव्या वर्षी कालीबाई शिकायला बसल्या. माऊस धरला तो नाडी बघतात तसा, तीन बोटांनी. मराठी कळफलक पाठ व्हायला दोन महिने गेले. 'ज्ञ' सापडला त्या दिवशी त्यांनी मला हाक मारून दाखवला. आपा आठवड्यातून एकदा यायच्या, बाकी दिवस बाई एकट्या. त्यांची शिकण्याची एक रीत होती, ती मी दुसरीकडे पाहिली नाही. त्यांनी एक कोरी वही केली आणि तिच्यात दवाखान्यातल्या केसपेपरसारखे रकाने आखले. लक्षण, उपचार, पेशंट कसा. 'लक्षण: आवाज येत नाही. उपचार: वरच्या कोपऱ्यातलं कर्ण्याचं चित्र दाबलं. पेशंट: बरा.' 'लक्षण: सगळं गोठलं. उपचार: वाट पाहिली, चहा केला, बटण दाबून बंद केला. पेशंट: आपोआप बरा.' काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करून नवीन सुधारणा मागवायच्या असतात, त्याला त्या लसीकरण म्हणायच्या. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, जसं गावात असायचं.

पहिल्या बुधवारी त्या काळ्या खिडकीनं पासवर्ड मागितला. बाई टाइप करतायत आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपका नाही, फुली नाही.

"मेलं वाटतं," मी दारातून म्हटलं.

त्यांनी तीनदा टाइप केलं, मग आपांना फोन लावला. फोन ठेवून हसत सुटल्या. "जिवंत आहे. लिहिलेलं दिसत नाही, पण आत पोचतं. पोटातल्या बाळासारखं, हो. दिसत नाही म्हणून नाही असं थोडंच?"

मग त्या वह्या कॉम्प्युटरात भरू लागल्या. गुडघ्यांसारखे डोळेही थकलेले, वही वाचायची की पडदा, दोन्ही जमेना. शेवटी यांनी मला सांगितलं, तू दुपारी मोकळी असतेस, वाचून दाखव. मी गेले. हातात दुधाची रिकामी पिशवी घालून पानं उलटायचे, नाकाला पदर. एक-एक नाव वाचायचे. रमीबाई, पाडा अमुक, मुलगी, दोन किलो शंभर. रोज दुपारी दोन तास, पाच महिने. घरी येऊन अंघोळ केल्याशिवाय मी देवाला हात लावला नाही. कालीबाई ते बघत होत्या.

त्यातलीच एक नोंद, जी मला पाठ आहे. काठी गावाजवळच्या एका पाड्यावरची. काठीची होळी तर पंचक्रोशीत मोठी, दांडा पहाटे पेटतो, पाडेच्या पाडे रिकामे होऊन रात्रभर तिथे नाचतात. त्या वर्षी सगळे होळीला गेलेले आणि मागे एक बाळंतीण आणि तिची सासू. कालीबाई होळीच्या उजेडाकडे पाठ करून एकट्या चालत गेल्या. मुलगी झाली. तारीख अकरा मार्च दोन हजार नऊ, बुधवार, पहाट. खूण: 'काठीची होळी पेटली तेव्हाच रडली.' पुढे तिचं नाव मयूरी ठेवलं, तेही बाईंनी नंतर वेगळ्या शाईनं लिहिलेलं.

शेवटची वही भरून झाली तसं मी मनातलं बोलले. आता या वह्या कशाला? उंदीर लागतील, वाळवी लागेल. लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती, कचऱ्यात टाकायचा नाही, हेही माझंच. म्हटलं, प्रकाशा तीर्थावर नेऊन तापीत सोडू या, निर्माल्यासारख्या, हळदकुंकू वाहून.

कालीबाईंनी पेटीवर हात ठेवला. "राहू द्या ना, ताई. एका कोपऱ्यात पडून आहेत."

"देवघराच्या भिंतीला लागून आहेत," मी म्हटलं. आणि वर हेही म्हटलं, की खोली रंगवायला काढायचीच आहे, तेव्हा बघू, कुणाला कुठे ठेवायचं ते.

त्यांनी बरं म्हणून मान हलवली. पौर्णिमेला मी रिक्षा करून प्रकाशाला गेले आणि एकतीस वह्या तापीत सोडल्या. बुडायला वेळ लागला. वरचं पुठ्ठ्याचं पान फुगून तरंगत राहिलं. मी नमस्कार केला, घरी आले, पेटीची जागा गोमूत्र शिंपडून पुसली आणि वहीत लिहिलं: 'आज फार हलकं वाटलं.'

किळस यावी असं वाक्य माझ्या वहीत एकच असेल तर ते हे.

तीन आठवड्यांनी भाऊजी आले. हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचा धीरज चौतीस वर्षांचा, स्थळ जमत नव्हतं. आमच्याकडे मुली कमी आणि धीरजचा स्वभाव सगळ्यांना माहीत. आता जमलं होतं. पथारीवर देठ खुडायला येणाऱ्या माणसाची मुलगी, वर डोंगरातली. दिसायला बरी. मुलीच्या बापाला काय सांगितलं, काय कबूल केलं, ते मला माहीत नाही. भाऊजी थेट मागच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन मागे.

"सिस्टर, तुमच्या यादीत एक मयूरी आहे ना? काठीकडची? तिचा उतारा काढून द्या. सहीनिशी. फक्त दोन हजार नऊचं सात करा."

कालीबाईंनी चष्मा काढला. "नऊ आहे, साहेब."

"आहे, पण एक आकडा बदलाना, त्यामा काय शे? वही होती तोवर खाडाखोड दिसली असती. आता कॉम्प्युटर आहे. वह्या तर वहिनींनी तापीमाईला वाहिल्या." माझ्याकडे बघून हसले. "चांगलं पुण्याचं काम केलं, वहिनी."

हातातला चहा मला सांडून टाकावासा वाटला. मी तो त्यांच्यासमोर ठेवला. हेही लिहून ठेवते, की ठेवला.

"ती सोळा वर्षांची आहे," कालीबाई म्हणाल्या. "मी तिची नाळ कापली आहे. मला तारीख सांगायला कॉम्प्युटर लागत नाही."

"माले कायदा शिकाडू नका, बाई. हा डबा कोणी दिला?"

"तुम्ही दिलात. आतली घाण मी काढली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हमाल आले आणि कॉम्प्युटर घेऊन गेले. भेट दिलेली वस्तू! हाराचा वाळका दोरा अजून मागे लटकत होता. मी यांना म्हटलं, काहीतरी बोला. हे म्हणाले, भावाभावांत कशाला. कालीबाई खाटेवर बसून होत्या. त्यांचे हात नुसते मांडीवर ठेवलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"सगळं गेलं?" मी विचारलं.

"पासवर्ड आहे. पण डबाच हातात असला की उघडता येतो, आपांनीच सांगितलंय. उघडतील." मग म्हणाल्या, "आकडा बदलतील, ताई. आणि वही नाही."

'वही नाही' हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

चार दिवसांनी भाऊजींकडे कुंकवाचा कार्यक्रम ठरला. आमच्यात मुलीला पहिलं कुंकू घरातली थोरली सुवासिनी लावते. ते लागल्याशिवाय बाकी कुणी ओटी भरत नाही, पुढचं काही सुरू होत नाही. थोरली मी. हे म्हणाले, जायचं आणि लावायचं, घरचा मान आहे. मी पैठणी नेसले, नथ घातली. गेले.

मंडप नव्हता, घरातच बैठक. साखरेच्या पाकातून काढल्यासारखे गोड-गोड हसणारे पंधरा-वीस लोक. धीरज सेंट मारून बसलेला. मुलीचा बाप दाराशी, चप्पल हातात घ्यावी की बाहेर काढावी या विचारात. मुलीचा मामा उदेसिंग हा बापाशिवाय तिच्याकडून आलेला एकटाच मोठा माणूस, तो भिंतीला टेकून गप्प. आणि पाटावर ती. तिला नेसवलेलं लुगडं तिच्या खांद्यावरून सारखं घसरत होतं आणि ती शाळेतल्या मुलीसारखी नाक ओढत ते सावरत होती.

माझ्या हातात कुंकवाचं ताट दिलं. तेवढ्यात भाऊजी उभे राहिले, खिशातून कागद काढला. "कुणी उद्या बोट दाखवायला नको. आमचं सगळं कायद्यानं आहे. नर्सबाईंच्या नोंदवहीतला उतारा." आणि मोठ्यानं वाचला. आईचं नाव, पाडा, मुलगी, वजन. "जन्म अकरा मार्च दोन हजार सात. खूण: काठीची होळी पेटली तेव्हाच रडली."

आकडा बदलला होता. खूण तशीच ठेवली होती. खुणेला काय करायचंय, असं वाटलं असेल.

मला होळ्या पाठ नाहीत. पण दोन हजार सातची होळी कोण विसरेल? त्या वर्षी होळीच्या पहाटे चंद्रग्रहण होतं. सासूबाई होत्या तेव्हा. वेध लागायच्या आत पुरणाच्या पोळ्या उरकायच्या म्हणून घरात केवढा गोंधळ, आणि उरलेल्या पुरणावर तुळशीपत्र ठेवलं होतं. ते मी लिहिलंय. ती अकरा तारीख नव्हतीच.

"भाऊजी," मी म्हटलं, "दोन हजार सातची होळी तीन मार्चला होती. शनिवारी. ग्रहणाची."

"वहिनी, कुंकू लावा."

"अकराला रविवार होता. होळी होऊन आठवडा झालेला. त्या पहाटे काठीला होळी कशी पेटेल?"

खोलीत कुणीतरी खोकलं. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, दातांतून म्हणाली, "ताई, आज तरी पंचांग राहू द्या. लोक बघी ऱ्हायनात."

"बघू देत. माझ्या वहीत आहे. घरी जाऊन आणते. आणि दोन हजार नऊचीही आणते. हिची होळी त्यात आहे."

भाऊजी जवळ आले. आवाज खाली. "वहिनी, तुम्हीच वह्या बुडवल्या. आता तुमची वही कोण विचारतो?"

तेव्हा मला त्यांच्या तोंडाचा वास आला, पेढ्याचा आणि तंबाखूचा, आणि मला खरी, पोटातली किळस आली. भुकटीची, पालीची, त्या डागांची आली होती ती काहीच नव्हती. मी ताट खाली ठेवलं. पाटावर नाही, भुईवर ठेवलं. "मी कुंकू लावत नाही," मी म्हटलं. "आणि माझ्याआधी दुसरी कोणी लावणार असेल तर तिनं उठावं."

कोणी उठलं नाही. धर्मानं नाही, भीतीनं. पण उठलं नाही.

मग भिंतीपाशी उदेसिंग हलला. खिशातून मोबाईल काढला, बोटानं काहीतरी सरकवलं आणि भाऊजींच्या समोर धरला. "ही नर्सबाईंची यादी. दोन हजार नऊ लिहिलंय. आमच्या आशाताईनं महिन्याभरापूर्वीच पाठवली. सगळ्या पाड्यांवरच्या आशा कार्यकर्त्यांकडे आहे. बाईंनी सगळ्यांना दिली."

भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं, पण मी बघितलं नाही. मी उदेसिंगकडे बघत होते.

"मग तुम्ही आधीच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बघायचं होतं," तो म्हणाला. "तुमच्यात कुणी बोलतं का ते."

तो भाचीला घेऊन गेला. जाताना तिनं लुगडं तिथेच सोडलं, आत तिचा शाळेचा पंजाबी ड्रेस होता. बाप मागोमाग, चप्पल शेवटी हातातच.

घरी आल्यावर मी पैठणी न बदलताच मागच्या खोलीत गेले. कालीबाई भाकरी करत होत्या. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, यादी तुम्ही कधी वाटली?

"तुम्ही प्रकाशाला गेलात ना, त्याच दिवशी. तुम्ही रिक्षात बसलात आणि मी आपांना बोलावलं. त्यांनी पाठवायचं कसं ते शिकवलं." तव्यावरची भाकरी उलटली. "आपांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, घ्यायचं आणि द्यायचं. मला वाटलं, सिस्टीमला लागू आहे तर यादीलाही असेल. एकाच जागी ठेवलेलं कुणीही बुडवू शकतं."

"मग त्या दिवशी 'वही नाही' का म्हणालात?"

"यादी टाइप केलेली आहे. अक्षर माझं त्या वह्यांत होतं."

मी मान खाली घातली. म्हटलं, "मला अडवायचं होतंत."

"अडवलं असतं," त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "पण मला दुसरी खोली कोणी दिली नसती."

भाकरी फुगली. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. सोवळ्यातली पैठणी, एकादशी, माझा उपास. मी एक घास खाल्ला.

भाऊजी आता आमच्याकडे येत नाहीत. धीरजसाठी दुसरीकडे बघतायत, याहून लांब, म्हणजे जिथे कुणी तारीख लिहून ठेवली नसेल अशा ठिकाणी. हे ऐकलं तेव्हा मी जेवत होते, ताट बाजूला सारलं. एक मुलगी वाचली म्हणून लोक मला नावाजतात तेही मला सोसत नाही. पंधरा-वीस लोकांपैकी एक बाई बोलली आणि तीही जिनं आधी वह्या बुडवल्या ती. यात कसलं नावाजणं?

कालीबाईंकडे एक पेनड्राइव्ह उरला होता, आपांनी करून दिलेला. त्याच्यात अख्खं लिनक्स आहे. कुठल्याही डब्यात खोचला की बाईंची आपली ओळखीची सिस्टीम उघडते आणि यादीही. आपांच्या घरी एक मोडका लॅपटॉप होता, झाकण रबरानं बांधलेला. तो आता मागच्या खोलीत आहे. पण खोलीत दुपारी फार ऊन येतं म्हणून मी तो देवघरात ठेवायला सांगितला. कालीबाई नको म्हणाल्या. मी उचलून आणला. बाळकृष्णाच्या शेजारच्या चौरंगावर बसतो. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. लावू देत.

दुपारी आम्ही दोघी बसतो. यादीत बऱ्याच जागी तारीख नाही, नुसती खूण आहे. बाईंजवळ त्या रात्री कॅलेंडर नव्हतं किंवा घाईत तारीख राहून गेली होती. 'गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, फार पाऊस.' मग मी माझी त्या वर्षाची वही काढते, तिथी बघते, तारीख सांगते, आणि त्या टाइप करतात. माझ्या वहीत त्या दिवशी काय असतं? 'मोदक केले. पाऊस.' त्यांच्याकडे त्याच दिवशी एक मुलगा, एक किलो आठशे, आई वाचली नाही.

काल कळफलकात पुन्हा लाल भुकटी सापडली. कुठून येते देव जाणे, या गावात वाराच तसा. मी ब्रश घेतला आणि घासायला बसले. हातात दुधाची पिशवी न घालता.